आधी जमीन, मग फरशी

आमच्या मधल्या खोलीत दस्तरखान अंथरला की शोरब्याची वाटी कुठे ठेवायची, हे घरातल्या लहानथोरांना पाठ होते. खिडकीच्या बाजूला ठेवली तर ठीक. न्हाणीच्या भिंतीकडे ठेवली की वरचे तेल एका कडेला जमायचे, आणि वाटी काठोकाठ असली तर शोरबा चादरीवर यायचा. पाहुणे आले की आम्ही हसून म्हणायचो, "इकडे सरकून बसा, तिकडे आमचा उतार आहे." आठ वर्षे आम्ही त्या उताराबरोबर अशीच थट्टा करीत काढली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती थट्टा संपली. दादी फजरसाठी वजू करून न्हाणीतून येत होत्या. एक फरशी खाली बसलेली, शेजारची जागच्या जागी. मधली कड बोटभर वर आलेली. त्या कडेला अंगठा अडकला आणि दादी हातावर पडल्या. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. दादी सगळ्यांना सांगत राहिल्या, "मीच बत्ती लावली नाही." पण दोष बत्तीचा नव्हता आणि दादींचा तर नव्हताच. दोष आमचा होता. तो कसा, हे या महिन्यात सांगायचे आहे. कारण वाशिम जिल्ह्यात, रिसोडपासून कारंज्यापर्यंत, असा उतार असलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

आठ वर्षांपूर्वी त्या खोलीत जुनी शहाबादी होती आणि तीही न्हाणीकडे बसलेली होती. ईद जवळ आली होती. तेव्हाच्या मिस्त्रींनी सांगितले, "उखडायची गरज नाही, मसाल्यात लेव्हल काढून देतो." जिथे खड्डा तिथे जाड मसाला, जिथे उंच तिथे पातळ, आणि वर चकचकीत टाइल्स. चार दिवसांत खोली आरशासारखी झाली. आम्ही खूश. दोन पावसाळ्यांनंतर सांध्यांत केसासारखी भेग दिसली, मग ठोकले की पोकळ आवाज येऊ लागला, आणि पुढे पुन्हा तोच उतार. खाली जमीन बसतच होती. आम्ही तिच्यावर मसाल्याचे आणखी ओझे टाकले होते, एवढेच.

या वेळीही आमच्याकडून तेच होणार होते. सोयाबीनचे पैसे हातात आले होते, मोरबीच्या टाइल्सची खोकी ओसरीवर येऊन पडली होती, आणि घरात दीड महिन्यावर निकाह होता. पाहुणे येण्याआधी खोली तयार हवी, असे सगळ्यांचेच म्हणणे होते. अशात मंगरूळपीरकडचे एक वयस्कर मिस्त्री खोली बघायला आले. त्यांनी टाइल्सच्या खोक्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. एका जुन्या नाण्याने फरशी ठोकत ते खोलीभर फिरले आणि विचारले, "नवी कुठली बसवायची ते नंतर सांगा. ही का बसली ते सांगा." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

भिंत पायावर, फरशी भरावावर

बहुतेक घरांत आपण समजतो की सगळे घर पायावर उभे असते. तसे नसते. भिंती पायावर असतात. फरशी मात्र जोत्याच्या आत टाकलेल्या भरावावर पडलेली असते. म्हणून भिंतीला एकही तडा नसताना खोलीची फरशी मधोमध किंवा एका कोपऱ्यात बसू शकते. भराव कशाचा आहे आणि तो कसा दाबला आहे, यावर फरशीचे आयुष्य ठरते.

आपल्याकडे यात एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे काळी माती. कापसाला, तुरीला, सोयाबीनला हीच माती सोन्यासारखी. घराखाली मात्र तिचा स्वभाव वेगळा. काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा भाग मोठा असतो. त्याच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती घराच्या आत असेल तर ती तिथेही तेच करते. पावसाळ्यात फरशी उचलते, उन्हाळ्यात सोडते, आणि जिथे पाणी जास्त मुरते तिथे हा खेळ जास्त चालतो.

आमच्या घराचे जोते भरले तेव्हा अब्बांनी शेतातलीच माती आणून टाकली होती. घरची होती, फुकट होती, आणि त्या काळी आसपास सगळे तेच करीत होते. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण त्यावर पुन्हा पैसे टाकण्याआधी ते समजून घेणे आमचे काम होते, आणि ते आम्ही आठ वर्षांपूर्वी केले नव्हते.

या मातीवर आपल्याच राज्यात मोठे काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, म्हणजे चांगल्या मुरमासारख्या मातीचा, जवळपास एक मीटर जाडीचा दाबलेला थर दिला तर खालच्या मातीची उचल जवळजवळ थांबते. कालव्यांच्या अस्तरांसाठी ही पद्धत वापरली गेली. आपल्या गावांतले जुने गवंडी "काळी काढा, मुरूम भरा" म्हणत आले, त्यामागचे कारण असे प्रयोगशाळेतूनही सिद्ध झाले.

माती ओळखण्याची सोपी रीत

भरावाची माती फुगणारी आहे का, हे पाहण्याची एक चाचणी भारतीय मानक ब्युरोने ठरवून दिली आहे आणि तिचे तत्त्व घरच्या घरी पाहता येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. सारख्या मापाच्या दोन अरुंद काचेच्या नळ्यांत किंवा बाटल्यांत सारखीच माती टाकावी. एकीत पाणी भरावे, दुसरीत रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढावेत आणि एक दिवस स्थिर ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही; पाण्यात फुगायची असेल तर फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची मोजावी. रॉकेलमध्ये माती ४ सेंटीमीटर आणि पाण्यात ६ सेंटीमीटर असेल तर फुगवटा ५० टक्के झाला. एवढा किंवा याहून जास्त असेल तर ती माती फरशीखाली ठेवू नये. आमच्या भरावाची माती पाण्यात जवळपास दुप्पट झाली. मागवलेल्या मुरमाचा फरक डोळ्यांना कळलासुद्धा नाही. (रॉकेलचे काम चुलीपासून आणि मुलांपासून लांब करावे.) नेमका आकडा हवा असेल तर सिव्हिलच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळते.

मोजल्याशिवाय बोलू नये

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते, मग मधे नळी कशीही वाकलेली असो. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नये. दाराजवळ फरशीपासून ३६ इंचांवर खूण केली आणि नळीने ती खूण चारी भिंतींवर फिरवली. मग प्रत्येक खुणेपासून खाली फरशीपर्यंत मोजले. दाराशी ३६ इंच, खिडकीखाली ३६ इंच २ सूत, खोलीच्या मधे दोरी ताणून ३७ इंच, आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ३८ इंच. म्हणजे १२ फुटांच्या खोलीत २ इंचांचा फरक. आम्ही सगळे गप्प झालो. "थोडासा उतार" असे आम्ही इतकी वर्षे म्हणत होतो.

तुमच्या घरात हे करायचे असेल तर तीन गोष्टी पाहा.

पहिली, लेव्हल. दोन मीटरची सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा रंधा फरशीवर आडवा-उभा ठेवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपर्यंत फट असेल तर मोठ्या टाइल्ससाठीही ती चालण्याजोगी समजतात. त्याहून जास्त असेल तर टाइल्सआधी जमिनीचे काम आहे.

दुसरी, आवाज. नाण्याने किंवा काठीने ठोका. भरीव आवाज येतो तिथे फरशी धरलेली आहे. ढोलासारखा येतो तिथे ती सुटलेली आहे. खडूने खुणा करा. खुणा जिथे दाट होतील तिथे कारण शोधा.

तिसरी, हालचाल. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकदा पाहा. भेग पुढे सरकत असेल तर खाली काम अजून चालू आहे, आणि अशा जमिनीवर कितीही महाग फरशी बसवली तरी ती तडकणार.

खड्डा निराळा, धसणे निराळे

सगळ्याच ओबडधोबड जमिनी उखडाव्या लागत नाहीत. हे सांगणे आवश्यक आहे, कारण घाबरून भलताच खर्च करणारेही असतात.

खालचा कोबा भरीव आहे, भेग सरकत नाही, फक्त इकडे खड्डा तिकडे उंचवटा आहे, असे असेल तर काम वरचेवर होते. उंचवटे घासून किंवा छिन्नीने काढावेत. कोब्यावर जवळजवळ टाचे मारावेत, धूळ झाडून पाण्याने धुवावी, जमीन ओली करावी, सिमेंटचा पातळ घोळ ब्रशने लावावा आणि तो ओला असतानाच १ भाग सिमेंट आणि ४ भाग रेतीचा मसाला ठिय्ये लावून, रंध्याने ओढून सारखा करावा. असा थर साधारण इंचभर तरी हवा; कागदासारखा पातळ मसाला सुटून येतो. खोली फक्त काही मिलिमीटरच कमी-जास्त असेल तर बाजारात आपोआप पसरणारे लेव्हलिंगचे मिश्रण मिळते, ते वापरावे. टाइल्स चिकटवण्याच्या ॲढेसिव्हने खड्डे भरू नयेत. ते चिकटवण्यासाठी आहे, भरण्यासाठी नाही.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर जुनी शंभर टक्के घट्ट असली पाहिजे. शिवाय जमीन दीड-दोन सेंटीमीटर वर येते. दारे घासतील का, न्हाणीचा उंबरठा बुडेल का, बाहेरचे पाणी आत येईल का, हे आधीच पाहावे.

पण भेग सरकत असेल, कोपरा दरवर्षी खाली जात असेल, तर ते धसणे आहे. त्याला वरून औषध नाही.

उखडल्यावर काय निघाले

आमचे दुसऱ्या प्रकारातले होते. न्हाणीच्या कोपऱ्यातून फरशी काढायला सुरुवात केली. टाइल्सखाली चार इंच मसाला, त्याखाली शहाबादी, त्याखाली काळी माती. आणि माती हाताला ओली लागली, तीही पाऊस जाऊन महिना झाल्यावर. आणखी खणले तेव्हा न्हाणीच्या सांडपाण्याचा पाइप दिसला. त्याचा एक सांधा सुटलेला होता. किती वर्षे सुटलेला होता, अल्लाहच जाणे. रोजच्या आंघोळीचे, वजूचे, कपड्यांचे पाणी थोडे थोडे आमच्याच खोलीखाली मुरत होते.

ज्या जागी दादी पडल्या, त्याच्या बरोबर खाली तो सांधा होता. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही.

मग काम ओळीने झाले. आधी पाइप. नवा पाइप टाकून त्याचे तोंड बंद केले, पाणी भरून रात्रभर ठेवले, सकाळी पातळी तितकीच आहे हे पाहिले, तेव्हाच तो झाकला. त्यानंतर दीड फूट काळी माती काढली. एका वेळी अर्धीच खोली खणली आणि भिंतीच्या पायाच्या तळाखाली कुठेही गेलो नाही. हे फार महत्त्वाचे आहे. जुन्या मातीच्या भिंतींचा पाया कधी कधी उथळ असतो. तिथे खणण्याआधी इंजिनिअरला बोलवावे.

खोली १० बाय १२ फूट, खोली दीड फूट. म्हणजे १८० घनफूट, १.८ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून अडीच ब्रास मागवला. सहा-सहा इंचांचे थर टाकले, प्रत्येक थरावर पाणी मारले आणि धुम्मसाने ठोकला. मुरूम एकदम भरून वरून पाणी सोडणारे मिस्त्री भेटतात. त्याने वरचा थर दाबला जातो, खालचा पोकळ राहतो. मुरमावर दगडांचे सोलिंग, त्यावर चार इंच गिट्टीचा काँक्रीट थर, आणि त्यावर निदान सात दिवस रोज पाणी.

खर्च वाढला, हे कबूल करायला हवे. मुरूम, दगड, गिट्टी, जास्तीची मजुरी. यातले काहीच पाहुण्यांना दिसणार नव्हते. दुकानदाराला विनंती करून आम्ही मोठ्या चकचकीत टाइल्सची बंद खोकी परत केली आणि साध्या मॅट टाइल्स घेतल्या. त्या फरकाच्या पैशात मुरूम बसला. खड्ड्यात उतरून धुम्मस मारणाऱ्या मजुरांचे पैसे रोज संध्याकाळी हातात दिले, कारण जे काम मातीखाली झाकले जाते ते नीट होणे कामगाराच्या नियतीवर असते, आणि नियत राखायची ती दोन्ही बाजूंनी.

निकाहपर्यंत टाइल्स बसल्या नाहीत. घरात यावर रुसवे-फुगवे झाले. "लोक काय म्हणतील," हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू यायचे. शेवटी आम्ही नुसत्या काँक्रीटवर शतरंज्या टाकल्या, वर पांढऱ्या चादरी, आणि दस्तरखान अंथरला. पाहुणे बसले, जेवले, दुआ देऊन गेले. फरशीबद्दल एकाच खालाजानने विचारले, आणि कारण ऐकल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरीही न्हाणीकडे असेच आहे." दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री त्यांच्या घरी नळी घेऊन गेले.

वरचे काम करताना

टाइल्स बसवताना काही गोष्टी उभे राहून पाहाव्यात. टाइलखाली मसाला पूर्ण पसरलेला हवा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून मधे पोकळ सोडणे ही खोटी बचत आहे, तिथे जड कपाटाचा पाय पडला की टाइल फुटते. दोन टाइल्समध्ये २ मिलिमीटरची रेघ ठेवावी आणि भिंतीकडेला थोडी फट. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. राहण्याच्या खोल्या सपाट असाव्यात. न्हाणीत आणि वजूच्या जागी मात्र जाळीकडे मीटरमागे साधारण १ सेंटीमीटर ढाळ हवा आणि तिथली जमीन खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी. ही कड वेगळ्या रंगाची ठेवावी, म्हणजे पहाटेच्या अंधारात म्हाताऱ्या डोळ्यांना ती दिसते. ओल्या पायांच्या वाटेवर चकचकीत टाइल कधीही नको.

आणि घराबाहेर बघायला विसरू नये. पत्र्याचे पाणी जोत्याशी पडते का? नळाखाली डबके राहते का? भिंतीला लागून मोठे झाड आहे का? काळ्या मातीच्या गावात जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतरता पक्का पट्टा केला तर आतल्या फरशीचे निम्मे दुखणे कमी होते. आमच्या दीड फूट मुरमाखाली अजून काळी मातीच आहे. ती थोडीफार हलणारच. पण तिला वर्षभर सारखीच ओल राहिली, एकदम भिजणे नाही आणि एकदम सुकणे नाही, तर ती त्रास कमी देते. म्हणून काम उन्हाळ्याच्या ऐन कोरड्यात करू नये, असेही मिस्त्रींनी सांगितले. तेव्हा माती पूर्ण आक्रसलेली असते आणि पहिल्याच पावसात फरशी उचलते. पावसाळा संपून महिना-दीड महिना झाल्यावरचा काळ बरा.

पंधरवड्यापूर्वी आम्ही पुन्हा नळीने मोजले. चारही कोपऱ्यांत सूतभराचाही फरक नाही. एक पावसाळा अजून जायचा आहे, म्हणून पाठ थोपटून घेत नाही. भिंतीवरची ३६ इंचांची खूण आम्ही रंगाखाली झाकली नाही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा मोजू.

दादींचे मनगट आता बरे आहे, पण जमिनीवर बसून नमाज अजून होत नाही. त्या खिडकीजवळ खुर्चीवर बसतात. आधी त्या खुर्चीच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा असायचा. परवा झाडताना तो पुठ्ठा कपाटामागे सापडला. दादींनी तो हातात घेऊन पाहिला आणि कचऱ्यात टाकायला सांगितला.